मंगळवार, दहा वाजून दहा

अकरा वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीत मी मासे चिरले.
हॅडकचा काटा कुठून सुरू होतो
ते अजून डोळे मिटून सांगेन.
मग कारखाना बंद पडला, मग रात्रीचे वर्ग,
आणि बेचाळिसाव्या वर्षी गळ्यात ओळखपत्र:
प्रोबेशन अधिकारी.
आई म्हणाली, "म्हणजे पोलीस?"
नाही.
"मग समाजसेविका?"
तसंही नाही, म्हणत मी तिच्या चहात साखर घातली,
तिला साखर बंद आहे हे विसरून.

प्रशिक्षणात पहिलं शिकवलं:
दाराजवळची खुर्ची आपली.
टेबलावर स्टेपलर ठेवायचा नाही.
आणि हिलरीनं सांगितलं, जे पुस्तकात नव्हतं:
कुणी रडलं तर रुमाल पुढे करू नकोस,
खोका नुसता सरकव,
जणू तो आधीपासून तिथंच होता.

ग्लेन ऑसगर्बी, वय एकतीस.
फाइलमध्ये: पबची मागची बाजू, सुरी, सतरा टाके.
माझ्या डाव्या अंगठ्यावर जुना पांढरा व्रण आहे.
त्यानं तो पाहिला. "कुणी?"
"हॅडकनं," मी म्हटलं.
तो हसला.
ही नोंद कुठं करायची ते कळेना, म्हणून केली नाही.

दर मंगळवारी आम्ही बोलायचो
थकलेल्या भाड्याबद्दल, न भेटणाऱ्या मुलीबद्दल,
दारूबद्दल, जी तो सोडत होता
क्लीथॉर्प्सचा समुद्र किनारा सोडतो तशी,
लांबवर, आणि परतीच्या बोलीवर.

मग एक मंगळवार रिकामा गेला.
मी छापील पत्र पाठवलं.
दुसरा गेला. दुसरं पत्र, जाड अक्षरांत.
तिसऱ्याला मी फॉर्म भरला,
आणि दोन पोलिसांनी त्याला
बहिणीच्या सोफ्यावरून उचललं, पायात एकच मोजा.
नियमानं मी बरोबर होते.
हे वाक्य त्या रात्री भांडी घासताना
तीनदा म्हणून पाहिलं.
भांडी तेवढी लख्ख निघाली.

चौदा दिवसांनी तो आला, दाराशीच थांबला.
"पत्रं मिळाली होती."
खिशातून दोन्ही काढली,
घड्या झिजलेल्या, कितीदा तरी उघडून पाहिलेल्या.
"सरकारी कागद आहे एवढं कळलं.
शेजारणीला वाचायला द्यायची लाज वाटली."

सात महिने मी बोट ठेवीन तिथं
तो मुकाट सही करत होता,
आणि मला वाटायचं, किती समंजस माणूस!
माशाच्या पोटात आंधळेपणी काटा शोधणारे हे हात.

तेव्हापासून पत्राखाली मी घड्याळ काढू लागले:
एक गोल, त्यात दोन काटे.
मंगळवारसाठी कचऱ्याचा डबा,
कारण त्याच्या गल्लीत कचरा मंगळवारी उचलतात.
हिलरीनं ते पाहून भुवई उंचावली.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
रंगीत पेन्सिलींचा डबा होता.

सगळ्यांचं असं होत नाही.
एकानं माझ्या गाडीवर खिळ्यानं रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आणि एक होता एकोणीस वर्षांचा.
त्याच्या दफनाच्या वेळी मी शेवटच्या बाकावर बसले,
कुणी विचारलंच तर नातं काय सांगायचं
ते न ठरवता.

ग्लेनची मुदत फेब्रुवारीत संपली.
एप्रिलमध्ये पाकीट आलं, शिक्का हलचा,
पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
आत एक वाकडं घड्याळ: दहा वाजून दहा.
खाली डबा नाही.
दिवस काढायचा राहिला,
की आता कुठलाही चालेल असं म्हणायचंय त्याला,
कोण जाणे.

दहा वाजून दहाला माझ्यासमोर
बहुधा कुणी तरी दुसराच असतो.
मी कागद त्याच्यापुढे सरकवते,
बोट ठेवत नाही.
थांबते,
आणि त्याचे डोळे ओळीवरून चालतात की नाही
तेवढं पाहते.